बारीक करवतीचा छंद : यंत्र जपाल तर यंत्र तुम्हाला जपेल

आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या घरात एक दृश्य हमखास दिसते. हौसेने आणलेले एखादे यंत्र चार-सहा महिने चालते, मग कुरकुरू लागते आणि शेवटी पोत्याखाली झाकून कोपऱ्यात जाते. वर्षभराने भंगारवाला दारात आला की त्याच्या वजनकाट्यावर चढते. ‘माल खराब निघाला,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. माल खरोखर खराब होता, की आपणच त्याची निगा राखली नाही, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

हे आम्ही दुसऱ्यांना बोल लावण्यासाठी लिहीत नाही. आमच्याच घरात असे घडले आहे. आमचा धाकटा भाऊ सुतारकाम करी. पराचीवरून पडून त्याच्या कमरेला मार बसला आणि दारे-चौकटी उचलण्याचे जड काम कायमचे सुटले. त्या रिकामपणात एका नातेवाईकाने आखातातून येताना आणलेली स्क्रोल सॉ, म्हणजे नक्षी कापायची बारीक करवत, त्याच्या हाती लागली. खुर्चीवर बसून करायचे काम, त्यामुळे त्याचे मन रमले. आठ महिन्यांनी यंत्र खडखडू लागले व दर दहा मिनिटांनी पाते तुटू लागले. एका मेकॅनिकने ते पाहून ‘भंगारात काढा’ असा सल्ला दिला. भाऊ म्हणाला, “भाईजान, विकून टाका. माझ्या नशिबात हेही नाही.” त्या वेळी आम्ही यंत्राची पुस्तिका शोधली, दोन रात्री बसून वाचली आणि यंत्र उघडले. त्यातून जे शिकलो ते येथे देत आहोत.

यंत्र म्हणजे काय?

हाताच्या बारीक करवतीने जाळी कापण्याची कला जुनी आहे. लंडनचे नकाशे बनवणारे जॉन स्पिल्सबरी यांनी १७६० च्या दशकात लाकडी फळीवर नकाशा चिकटवून त्याचे तुकडे कापले. मुलांना भूगोल शिकवण्याचे ते साधन होते, आणि आजच्या जिगसॉ कोड्याची सुरुवात तेथूनच मानतात. तेच हाताचे काम पुढे पायाने व नंतर विजेच्या मोटरवर आले.

स्क्रोल सॉमध्ये एक वर व एक खाली असे दोन लांब दांडे असतात. त्यांच्या टोकांमध्ये पाच इंची पाते ताणून बसवलेले असते. मोटर फिरली की दोन्ही दांडे मिळून वर-खाली होतात व पाते साधारण पाऊण इंच हालते. मिनिटाला सुमारे ४०० ते १८०० फेऱ्या, असा वेग बहुतेक यंत्रांत कमी-जास्त करता येतो. पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचे अंतर छोट्या यंत्रात बहुधा १६ इंच असते. त्याहून मोठी फळी पूर्ण फिरवता येत नाही, हे विकत घेतानाच लक्षात ठेवावे.

या करवतीचा खरा गुण असा की, लाकडाची कड न फोडता आतला भाग कापता येतो. गिरमिटाने बारीक भोक पाडायचे, पाते त्यातून ओवायचे, पुन्हा ताणायचे आणि आतली नक्षी काढून घ्यायची. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीची १५७२-७३ ची दगडी जाळी सर्वांना ठाऊक आहे. तिच्या लाकडी प्रतिकृती याच रीतीने कापता येतात.

पात्याची पारख

नव्या माणसाचे निम्मे पैसे चुकीच्या पात्यात जातात. पाती दोन तऱ्हेची असतात, टोकाला आडवी खीळ असलेली आणि साधी. खिळीचे पाते बसवायला सोपे. पण त्यासाठी भोक मोठे पाडावे लागते व बारीक नक्षी जमत नाही. म्हणून साधे पाते धरणारेच यंत्र घ्यावे.

पात्याला नंबर असतो. तीन ते सहा मिलिमीटरच्या प्लायला १ ते ३ नंबर, अर्धा ते पाऊण इंची लाकडाला ५ ते ७ आणि त्याहून जाड लाकडाला ९ किंवा अधिक, हा ढोबळ हिशेब. शिकताना ५ नंबर उत्तम. प्लायची खालची बाजू फुटत असेल, तर तळाचे काही दाते उलटे असलेले पाते वापरावे.

बसवताना दाते पुढे, आपल्याकडे, व खाली टेबलाकडे झुकलेले हवेत. उलटे बसवले तर पाते लाकूड उचलून आपटते. नव्या पात्याला तेलाचा हात असतो. टोके पुसून काचपेपरवर एकदा घासावीत, म्हणजे पकडीतून निसटत नाहीत.

ताण बोटाने तपासावा. मात्र त्याआधी प्लग काढलाच पाहिजे. पाते बाजूने दाबले असता ते साधारण तीन मिलिमीटरहून अधिक हलू नये. सैल पाते वाकडे कापते व तुटते. अति ताणलेलेही तुटते. आणखी एक गोष्ट. पाते घडवताना एका अंगाला किंचित धार राहते, त्यामुळे ते सरळ न जाता एका बाजूला ओढते. अशा वेळी लाकूड थोडे तिरके धरून सारावे. हा यंत्राचा दोष नाही. एक-दोन दिवसांत हाताला सवय होते.

नुक्ता जपा

आमच्या बांधवांत सुलेखनाच्या कामाला मागणी आहे. घराचे नाव, बिस्मिल्लाह, रिहलची जाळी हे सारे या करवतीवर होते. परंतु येथे एक सावधगिरी पाळलीच पाहिजे. बे, ते, से या तिन्ही अक्षरांची बैठक एकच. फरक फक्त नुक्त्यांचा. फळीतून अक्षर कोरून काढताना नुक्ता सुटा पडतो आणि भुशात हरवतो. जीमचा नुक्ता गेला तर हे होते, वर लागला तर खे होते. एका ठिपक्याने शब्दाचा अर्थ बदलतो.

म्हणून अक्षरे कापून मागे वेगळी फळी लावणार असाल, तर नुक्ते मोजून एका डबीत ठेवा व कागदावर जागा खुणावून चिकटवा. आरपार जाळी करणार असाल, तर प्रत्येक नुक्ता बारीक पुलाने बाकीच्या लाकडाशी जोडलेला हवा. नक्षीचा कागद कापण्यापूर्वी जाणकाराच्या नजरेखालून घालावा. कागदावरची चूक रबराने जाते, लाकडावरची जात नाही. आणि उरलेल्या अक्षरांचे तुकडे कचऱ्यात पडू नयेत, हे सांगायला नकोच.

एकाच नमुन्याचे चार नग हवे असतील तर तीन मिलिमीटरचे चार प्लाय चिकटपट्टीने बांधून एकदम कापता येतात. घट्ट लाकडावर नक्षीच्या कागदाखाली रुंद चिकटपट्टी लावली तर पाते कमी तापते व कड काळी पडत नाही.

निगा कशी राखावी?

आता मुख्य मुद्दा. आमचे यंत्र उघडल्यावर तीन गोष्टी सापडल्या. पात्याची खालची पकड गुळगुळीत झिजलेली, दांड्यांचे बेअरिंग कोरडे ठणठणीत आणि यंत्राचे बोल्ट सैल. भंगारात काढण्याजोगे त्यात काहीच नव्हते. हे टाळण्यासाठी पुढील क्रम पाळावा. प्रत्येक कामाआधी प्लग काढावा.

रोज : काम संपल्यावर भुसा ब्रशने झाडावा. टेबलाखालची पकड व भुसा उडवणारी हवेची नळी विशेष पाहावी. पात्याचा ताण सोडून ठेवावा.

दर आठवड्याला : पकडीचे स्क्रू काढून स्पिरिटने पुसावेत. त्यांचे तोंड गुळगुळीत झाले असेल तर बारीक काचपेपरने खरखरीत करावे. यंत्र टेबलाला जखडणारे बोल्ट आवळावेत. यंत्र जड टेबलावर, खाली रबर घालून बसवले की थरथर पुष्कळ कमी होते. टेबलावर फर्निचरचे साधे मेण चोळून कोरड्या कपड्याने पुसावे, म्हणजे लाकूड अलगद सरकते. सिलिकॉनचे पॉलिश मात्र लावू नये. ते लाकडाला लागले की पुढे पॉलिश धरत नाही.

दर ५० तासांनी : अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत दांड्याच्या बेअरिंगला २० नंबरचे मशीन ऑइल द्यायला सांगितलेले असते. यंत्र आडवे करून आसाच्या टोकाभोवती तेल घालावे व रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूने तेच करावे. काही यंत्रांत बंद बेअरिंग असतात, त्यांना तेल लागत नाही. म्हणून पुस्तिका फेकू नये. मोटरला कार्बन ब्रश असतील तर त्यांची झीज पाहावी.

महिन्यातून एकदा टेबल पात्याशी काटकोनात आहे का ते पाहावे. गुण्या लावावाच, पण त्याहून सोपी युक्ती आहे. जाड लाकडाच्या ठोकळ्यावर एक छोटा काप घ्यावा. मग ठोकळा अर्धा वळवून पात्याच्या मागच्या बाजूने तोच काप पात्यावर आणावा. पाते सहज कापात शिरले तर टेबल सरळ आहे. अडले तर टेबल कलते आहे.

कोकणातल्या बंधूंनी पावसाळ्यात जास्त जपावे. यंत्रावर प्लास्टिक घालू नये, आत दमट धरतो. सुती कापड घालावे. पाती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

वीज आणि भुसा

परदेशातून आणलेल्या यंत्राची पाटी वाचल्याशिवाय प्लग लावू नये. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टचे असते. सौदी अरबस्तानात अनेक वर्षे घरगुती वीज १२७ व्होल्टची होती. तसे जुने यंत्र येथे सरळ जोडले तर मोटर जळते. त्याला योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो. शिवाय ६० हर्ट्झची साधी मोटर आपल्याकडे सुमारे एक षष्ठांश मंद चालते व जास्त तापते.

भुशाकडे आपले सुतार दुर्लक्ष करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या भुशाची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. या करवतीचा भुसा अति बारीक असतो आणि आपण त्यावर वाकून बसतो. चांगला मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि उघडी खिडकी, एवढे तरी हवेच. हे काम निजायच्या खोलीत, लहान मुलांजवळ करू नये.

छंदातून मिळकत होईल का?

होईल, पण हिशेब खरा मांडला तर. आज गल्लोगल्ली लेझरने कापून देणारे आहेत. पातळ एमडीएफची नावपाटी त्यांच्याइतक्या वेगाने कापणे या करवतीला जमणार नाही, तेथे स्पर्धा करू नये. जाड सागवान किंवा शिसम, कड काळी न पडलेले काम, जुन्या फर्निचरच्या तुटलेल्या जाळीची जोड, एकाच नगाची खास ऑर्डर ही या करवतीची बाजू आहे.

भाव सांगताना लोक फक्त लाकूड मोजतात. समजा, एका पाटीला लाकूड, पाती व पॉलिश मिळून १५० रुपये लागले आणि चार तास गेले. तासाचे १०० धरले तरी मजुरी ४०० होते. यंत्राची झीज व तेलपाणी ३० धरा. एकूण ५८० रुपये. हीच पाटी ३०० रुपयांना देणारा धंदा करत नाही, आपली मेहनत फुकट वाटतो.

ज्यांचा व्यवसायच सुतारकामाचा किंवा खेळणी बनवण्याचा आहे, त्यांनी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तिच्या १८ व्यवसायांत हे दोन्ही आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य त्यात आहे आणि ते कर्ज नाही. योजनेत कर्जही आहे. पण ज्यांना व्याजाचा व्यवहार नको, त्यांनी ते घेतलेच पाहिजे असे नाही.

आमच्या भावाचे यंत्र नव्या पकडी, तेल आणि चार आवळलेले बोल्ट एवढ्यावर पुन्हा चालू झाले. त्या दुरुस्तीचा खर्च भंगाराच्या भावापेक्षाही कमी आला. तो आता रोज तीन तास बसतो, कमर दुखली की उठतो. मिळकत मोठी नाही. पण घरखर्चात त्याचा वाटा असतो आणि जेवताना तो मान वर करून बसतो. यंत्राशेजारी भिंतीवर त्याने एक वही टांगली आहे. किती तास काम झाले, तेल केव्हा दिले, हे तो तीत लिहितो. ज्यांच्या घरी पोत्याखाली एखादे यंत्र पडून असेल, त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा ते उघडून पाहावे, एवढीच आमची विनंती.