घशापासून काळजापर्यंत

काळजाचा उल्लेख आपल्या बोलण्यात पावलोपावली येतो. भीतीने काळजाचा ठोका चुकतो, दुःखाने काळीज फाटते, आणि पोटच्या पोराला तर आपण काळजाचा तुकडाच म्हणतो. परंतु ज्या अवयवाच्या नावाने एवढे बोलणे चालते, त्याच्या दुखण्यांविषयी घरोघरी फारच थोडी माहिती असते. आम्ही वैद्य नव्हे. खडू-फळ्याच्या संगतीत आयुष्य गेलेले एक शिक्षक आहोत. तरीही या विषयावर लेखणी उचलावी असे एक कारण आमच्या हातून घडले आहे. ते पुढे येईलच.

हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायूंचा पंप. त्यात चार कप्पे आणि चार झडपा. मिनिटाला सुमारे ७२ म्हणजे दिवसाकाठी लाखभर ठोके देत तो अखंड राबतो. शरीरात रक्त चक्राकार फिरते, हे विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली ग्रंथ लिहून सप्रमाण मांडले. या चक्रात रक्त उलट फिरू नये ही चोख व्यवस्था झडपा ठेवतात.

या पंपाला सामान्यतः चार प्रकारची दुखणी जडतात. पहिले, खुद्द हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांचे. त्यांच्या आतल्या बाजूस चरबीचे थर साचून वाट अरुंद होते, आणि त्यावर रक्ताची गुठळी बसली की हृदयविकाराचा झटका येतो. तंबाखू, मधुमेह, स्थूलपणा आणि बैठे जीवन ही त्याची ओळखीची कारणे. दुसरे, उच्च रक्तदाबाचे. वाढलेल्या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षे जोर लावून हृदय आधी जाड होते, मग थकते. लोणचे-पापडांच्या आपल्या पंगतीने येथे अंतर्मुख व्हावे. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा, अधिक मीठ पोटात जाऊ नये. तिसरे, हृदयाच्या पडद्याला छिद्र असण्यासारखे जन्मजात दोष. या तिन्हींची चर्चा पुष्कळ होते. चौथ्याची फारशी होत नाही, आणि ते नेमके शाळकरी वयात पाऊल टाकते. त्याचे नाव संधिवाताचा ताप.

१९९८ च्या पावसाळ्यातील गोष्ट. माळव्यातील एका लहान गावच्या शाळेत आम्ही नवखे शिक्षक होतो. सहावीतला एक मुलगा कवायतीच्या तासाला बाजूला बसू लागला. सोमवारी गुडघा दुखतो म्हणाला, बुधवारी घोटा, शुक्रवारी मनगट. “अरे, तुझे दुखणे गाव फिरायला निघाले आहे काय?” असे आम्ही भर वर्गात म्हणालो. वर्ग हसला. मुलगा खाली मान घालून उठला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

दोन वर्षांनी त्याच मुलाला जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि हृदयाच्या डाव्या बाजूची, दोन कप्प्यांमधली झडप बिघडल्याचे सांगितले. सांध्यासांध्यांतून फिरणारे दुखणे, ज्याची आम्ही थट्टा केली, तेच या रोगाचे ठळक लक्षण होते!

या रोगाची सुरुवात सांध्यात नव्हे, घशात होते. स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू साधारणतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा घसा धरतो. दाटीवाटीच्या घरांत तो एकापासून दुसऱ्याला चटकन लागतो. शरीर त्याच्याशी झुंजण्यासाठी प्रतिद्रव्ये निर्माण करते. परंतु या जंतूचे आणि आपल्या हृदयाचे काही घटक सारखे दिसतात. मग रात्रीच्या पहारेकऱ्याने घरच्याच माणसाला चोर समजून काठी हाणावी, तसे होते. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. सांधे पुढे पूर्ववत होतात. झडपेवरचा व्रण मात्र राहू शकतो. असे हल्ले पुनःपुन्हा झाले की झडप आक्रसते किंवा गळू लागते. कित्येक मुलींच्या बाबतीत तर ही गोष्ट लग्नानंतर, गरोदरपणी रक्ताचा भार वाढून धाप लागते तेव्हाच उघडकीस येते.

म्हणून घाबरावे का? मुळीच नाही. बहुतेक घसेदुखी सर्दी-खोकल्याबरोबर येते आणि तशीच जाते. पण खोकला नसताना एकाएकी ताप, गिळताना तीव्र वेदना आणि गळ्याशी गाठी, असे असेल तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. हळद-मिठाच्या गुळण्यांनी आराम पडतो; जंतू मरत नाही. तो पेनिसिलिनने मरतो. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या तर तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून पुडी फडताळात टाकू नये. आणि एकदा हा ताप येऊन गेला असेल, तर दर तीन-चार आठवड्यांचे इंजेक्शन डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत चुकवू नये.

आमच्या त्या विद्यार्थ्याची झडप पुढे फुग्याच्या साहाय्याने रुंद करावी लागली. आज तो संसारी गृहस्थ आहे. भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि तो वाकताना आम्हांस ओशाळे वाटते. त्या सोमवारीच त्याला दवाखान्यात पाठविले असते, तर इंजेक्शने दोन वर्षे आधी सुरू झाली असती आणि झडप कदाचित वाचली असती.

आता आमच्या शाळेत कुणी मूल कवायतीच्या तासाला सांधा धरून बसले, तर आम्ही त्याला जवळ बोलावतो आणि आधी एवढेच विचारतो, “बाळ, गेल्या महिन्यात तुझा घसा दुखला होता का?”