तोंडी आदेश, लेखी ठपका

*विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासह राज्य सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी*

• आदेश : महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार वरिष्ठाचा आदेश एरवी लेखीच हवा. नाइलाजाने तोंडी दिला, तर लगेच लेखी दुजोरा द्यायचा. काम बिघडल्यावर शोधाशोध होते ती याच कागदाची.

• श्रेय : नोंद वार्षिक गोपनीय अहवालात. देव दत्त खटल्यात (२००८) नुसत्या ‘चांगला’ शेऱ्याने बढती हुकली होती; प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल.

• ठपका : कारणे दाखवा नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे.

• दाद : शिक्षेविरुद्ध अपील ४५ दिवसांत. पुढे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे (‘मॅट’) छत्रपती संभाजीनगर खंडपीठ, मुदत साधारण अंतिम आदेशापासून एक वर्ष. विष्णुपुरीतल्याच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे कर्मचारी मात्र ‘मॅट’च्या कक्षेत येत नाहीत.