विश्लेषण : महाडचे हवालदार वलंगकर कोण होते?

महाड म्हटले की १९२७ चा चवदार तळे सत्याग्रह आठवतो. त्याच्या तीन दशके आधी याच तालुक्यातील रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत होते. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते १८८६ मध्ये दापोलीत राहिले. विचार जोतीराव फुल्यांचा. पलटणीत महाराला शिक्षण आणि पेन्शन मिळे, गावात दोन्ही नव्हते. म्हणून १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती थांबवली, तेव्हा घाव पोटावरच बसला. वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. भरती काही सुरू झाली नाही. पुढच्याच वर्षी सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले, तर सवर्ण सदस्यांना ते खपेना! १९०० मध्ये ते वारले. महारांची पलटण उभी राहिली ती १९१७ मध्ये, महायुद्धाला माणसे हवी होती तेव्हा.