शिक्षकाची भाषिक क्षमता आणि माध्यमिक विद्यार्थ्याचे संपादन

शिक्षकाच्या क्षमतेचा विद्यार्थ्याच्या संपादनावर होणारा परिणाम हा विषय शिक्षणशास्त्राच्या स्वाधीन करून आपण साहित्याभ्यासक मोकळे झालो आहोत. वस्तुतः भाषाविषयापुरती ही क्षमता तौलनिक स्वरूपाची असते. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयज्ञान व अध्यापनकौशल्य यांच्या दरम्यानच्या एका ज्ञानप्रकाराकडे लक्ष वेधले : विद्यार्थी नेमका कोठे आणि का अडतो, याचे ज्ञान.

माहिती-तंत्रज्ञान उद्योगामुळे विस्तारलेल्या, बंगळूरच्या बेळ्ळंदूरसारख्या उपनगरात त्याची कसोटी लागते. कर्नाटकाच्या २०१५ च्या अधिनियमाने शाळांतून कन्नड ही प्रथम वा द्वितीय भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने अनिवार्य केली. मराठी घरातील मूल ती शिकते, बहुधा हिंदीही शिकते. मराठी वेळापत्रकात क्वचितच असते. अशा मुलाला ‘कादंबरी’ हा शब्द अडवीत नाही, कारण मराठी व कन्नड या दोहोंत त्याचा अर्थ एकच. ‘उपन्यास’ मात्र हिंदीत कादंबरी, तर कन्नडमध्ये व्याख्यान. ‘अवसर’ मराठीत संधी, कन्नडमध्ये घाई. संस्कृत शब्द सामाईक म्हणून सोपे, हा समज येथे पुरता फसवा ठरतो.

लेखनातील अडचण अधिक सूक्ष्म आहे. कन्नड लिपी ऱ्हस्व व दीर्घ ‘ए’, तसेच ऱ्हस्व व दीर्घ ‘ओ’ वेगळे दाखविते. मराठीत हा भेद अर्थभेदक नाही. तेव्हा मराठी मुलाच्या वहीतील या चुका निष्काळजीपणाच्या नसून कानाच्या सवयीच्या असतात. हे जाणणारा शिक्षक दोन्ही ध्वनी शेजारी ठेवून ऐकवितो. न जाणणारा तोच शब्द दहादा लिहून घेतो; पाठ होतो, पण भेद ऐकू येत नाही, आणि पुढच्या अपरिचित शब्दाशी गुण पुन्हा जातात.

पात्रतेच्या अधिकृत मोजमापात याला जवळजवळ स्थान नाही. २०१० च्या अधिसूचनेने शिक्षक पात्रता परीक्षा आणली ती पहिली ते आठवीपुरती. ती सर्व स्तरांवर नेण्याची शिफारस २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने केली खरी. पण परीक्षा वरच्या वर्गांपर्यंत नेली म्हणून हे ज्ञान आपोआप तपासले जाईल, असे नव्हे.

बेळगावात दिशा उलटते. कन्नड घरातील मूल मराठी शिकते तेव्हा लिंगव्यवस्था आडवी येते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी. मराठीत खुर्ची ती, पलंग तो, टेबल ते. तेथील द्विभाषिक शिक्षकाला हा पेच नियम न सांगताही कळतो. हे त्याचे भांडवल कोणत्याही प्रमाणपत्रावर नोंदलेले नसते.