पट्टेरी पिले
वालधुनीकाठी, अंबरनाथच्या बाजूला आमची वस्ती. आजी डुकरे पाळायची. बदलापूरहून आणलेल्या डुकरिणीला पाठीवर पट्टे असलेली पिले झाली, तेव्हा आजी एवढेच म्हणाली, "ही रानात जाऊन आलीया."

तिचे बरोबर होते. रानडुक्कर आणि गावडुक्कर प्राणिशास्त्राच्या लेखी एकच: सुस स्क्रोफा. आपल्याकडे दोघांचीही गुणसूत्रे 38. म्हणून संकराची पिले वांझ निघत नाहीत. पट्टे ही रानाची खूण, काही महिन्यांत पुसली जाते. युरोपातल्या डुकरांच्या जनुकांचा 2015 साली अभ्यास झाला, तेव्हा माणसाळल्यानंतरही रानाशी देवाणघेवाण चालूच राहिल्याचे दिसले. (निर्भेळ वंश डुकरांतही नाही! तरी रानडुक्कर मारणारा राजा शूर, पाळणारा गावाबाहेर.)

याच वाटेने रोगही येतो. 2020 साली भारतात आढळलेला आफ्रिकन स्वाइन फिव्हर दोघांनाही मारतो, इलाज नाही. कळप मेला की पाळणाऱ्याची वर्षाची कमाई गेली.