बाबांची अर्धी गोळी कुत्र्याला का नाही द्यायची

ट्रेनमध्ये रेंज गेली, इअरफोन घरी राहिला, अशांसाठी ही एपिसोडची लेखी आवृत्ती. बोलताना सुटलेले काही आकडे इथे घातलेत.

तर झालं असं, फणसवाडीतून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. जुनी चाळ, तिसरा मजला, लाकडी जिना आणि घरात १२ वर्षांचा पॉमेरियन. वजन १० किलो, म्हणजे चांगलाच गुटगुटीत. दोन दिवस स्वारी जिना उतरायला तयार नाही, मागचा पाय उचलून चालते. प्रश्न असा: "बाबांची गुडघ्याची गोळी आहे घरात. अर्धी दिली तर चालेल ना?"

नाही चालणार. का नाही, ते जरा नीट बघू. कारण "डॉक्टरांना विचारा" एवढंच सांगितलं की आपण मान डोलावतो आणि रात्री ११ वाजता कुत्रा कण्हायला लागला की औषधांचा डबा उघडतोच.

वेदना आणि सूज कमी करणाऱ्या या गोळ्या शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती अडवतात. सूज, ठणका, ताप यांत या रसायनांचा मोठा हात असतो. गोची अशी की त्यांच्यातलीच काही पोटाचं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाला रक्त पुरतं ठेवतात. रक्त गोठायला मदत करणारं त्यांचं एक भावंडही याच गोळीने अडतं. म्हणजे ठणका थांबतो, पण पहारेकरीही घरी जातो. माणसातही हे होतं. कुत्र्यात फरक एवढाच की आपल्याला झेपणारी काही औषधं त्याच्या शरीरात जास्त वेळ रेंगाळतात आणि पोटाला अल्सर व्हायला फारसं काही लागत नाही.

आता हिशोब करू. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन असतं, वर पॅरासिटॅमॉल वेगळं. आपल्या पॉमेरियनला अख्खी गोळी म्हणजे किलोमागे ४० मिलिग्रॅम, अर्धी म्हणजे २०. आणि कुत्र्यांना महिनाभर रोज किलोमागे ८ ते १६ मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन दिल्यावर त्यांच्या पोटात अल्सर झाल्याची नोंद आहे.

"पण मेलॉक्सिकॅम तर कुत्र्यांनाही देतात!" बरोबर, देतात. साधारण पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, नंतर रोज एकदा ०.१. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दुसऱ्या दिवसापासून १ मिलिग्रॅम. माणसांची गोळी येते साडेसात किंवा १५ मिलिग्रॅमची. १५ ची अर्धी केलीत तर साडेसात पट डोस. म्हणून कुत्र्यांसाठी पातळ औषध आणि वजनाच्या खुणा असलेली सिरिंज मिळते. हे आकडे गणित कळावं म्हणून दिलेत, घरी डोस ठरवायला नाहीत.

एकच औषध वेगवेगळ्या शरीरांत काय करतं याचं उदाहरण फणसवाडीपासून फार लांब नाही. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाचे दखमे आहेत, आणि तिथली गिधाडं गेली. गिधाडांची संख्या देशभरच कोसळली, कारण गुराढोरांना दिलेलं डायक्लोफेनॅक. गुरांना ते चालायचं, पण त्यांचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ साली भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली आणि गिधाडांना सुरक्षित पर्याय म्हणून पुढे आलं ते हेच मेलॉक्सिकॅम. बाबांची गुडघ्याची गोळी बऱ्याचदा डायक्लोफेनॅकचीच असते, आणि तीही कुत्र्याला द्यायची नाही.

बरं, डोस अचूक असला तरी प्रश्न संपत नाही. कुत्रा लंगडतोय म्हणजे सांधेच दुखतायत असं कोणी सांगितलं? मुंबईत गोचीडतापातही कुत्रे लंगडतात. त्यात प्लेटलेट कमी होतात, आणि वर ही गोळी दिली तर रक्तस्रावाला आमंत्रणच. पावसाळ्यात लेप्टोने मूत्रपिंड आधीच मार खात असतं. तिथे तापावर म्हणून हे औषध दिलं तर उरलंसुरलंही जातं. आणि पावसाळ्यातलीच आणखी एक गंमत (गंमत कसली!): खाजेसाठी कुत्र्याला प्रेडनिसोलोन चालू असतं आणि घरचे ते सांगायलाच विसरतात. स्टेरॉइड आणि हे वेदनाशामक एकत्र कधीच नाही. एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये किती दिवस सोडायचे ते डॉक्टर ठरवतात.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. म्हाताऱ्या कुत्र्याला औषध जास्त दिवस चालणार असेल तर आधी रक्ताची तपासणी करून घ्या आणि मध्येमध्ये पुन्हा. औषध जेवणासोबत, पाण्याचं भांडं कायम भरलेलं. उलटी, जेवण सोडणं, डांबरासारखी काळी शी, यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस थांबवा आणि फोन करा. "उद्या बघू" नको.

आणि कुत्र्याने माणसाची स्ट्रिपच फस्त केली तर? लक्षणांची वाट बघू नका. स्ट्रिप हातात घ्या आणि निघा, कारण उलटी करवण्याचा उपयोग सुरुवातीच्या तास-दोन तासांतच जास्त. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने वेगळीच विषबाधा होते. गिरगावकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतंच. पण तुमच्या जवळ रात्री कोण उघडं असतं तो नंबर आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा. टॅक्सीवाला कुत्रा बघून पुढे जातो, तेव्हा तो शोधत बसायला वेळ नसतो. मांजर पाळणाऱ्यांनो, तुम्हाला एकच: पॅरासिटॅमॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

फणसवाडीच्या त्या श्रोत्याला मी लगेच कळवलं होतं की गोळी नको, आधी दाखवून या. तोवर जिना त्याला उचलून उतरवा, घरात गुळगुळीत लादीवर सतरंजी टाका. परवा त्याचा पुन्हा मेसेज आला. रक्तात प्लेटलेट खूपच कमी निघाल्या, गोचीडतापच होता. त्याचे उपचार सुरू झालेत, गुडघ्यांचं डॉक्टर नंतर बघणार आहेत. बाबा रोज सकाळी त्याला काखेत घेऊन तीन मजले उतरतात आणि स्वतःच्या गुडघ्यांबद्दल तक्रार करतात.