डाकोटाचें पुनरागमन

खंडेनवमीच्या दिवशीं घरांतील विळी-कोयत्यापासून कारखान्यांतील यंत्रापर्यंत सर्व हत्यारांना आपण गंधफूल वाहतों. परंतु तेंच हत्यार निकामी झालें कीं मोडीच्या भावानें विकतों, आणि त्याची खंत कोणास वाटत नाहीं. घरगुती हत्याराचें तसें झालें तर बिघडत नाहीं. पण ज्या यंत्रानें राष्ट्राच्या संकटांत साथ दिली त्याचें काय करावें? डाकोटा विमानाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों, ती या प्रश्नासाठींच.

अमेरिकेंतील डग्लस कंपनीच्या डीसी-३ या उतारूविमानानें १७ डिसेंबर १९३५ रोजीं पहिलें उड्डाण केलें. दुसऱ्या महायुद्धांत त्याचेंच लष्करी रूप निघालें व ब्रिटिशांनीं त्यास डाकोटा हें नांव दिलें. अशीं लष्करी विमानें दहा हजारांवर बांधलीं गेलीं. प्रत्येकीं १२०० अश्वशक्तीचीं दोन एंजिनें, सुमारें ९५ फुटांचा पंखविस्तार आणि पोटांत २८ सैनिकांची सोय, असा त्याचा थाट. पंखांचा भार एकाच तुळईवर न टाकतां अनेक तुळयांवर वांटून दिलेला होता. त्यामुळें तें कच्च्या धांवपट्टीचे धक्के सोशी आणि वर्षानुवर्षें टिकून राही.

या सोशिकपणाची कसोटी काश्मिरांत लागली. २६ ऑक्टोबर १९४७ रोजीं महाराजा हरिसिंग यांनीं सामीलनाम्यावर सही केली आणि दुसऱ्याच दिवशीं सकाळीं पहिल्या शीख पलटणीचे जवान डाकोटांतून श्रीनगरास उतरले. धांवपट्टी आपल्या हातीं आहे कीं टोळीवाल्यांच्या, याची पक्की खबर निघतांना नव्हती! त्याच दिवशीं पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय बारामुल्ल्याजवळ धारातीर्थीं पडले. पण श्रीनगर वांचलें. त्या सकाळच्या विमानांपैकीं एकाचा क्रमांक होता व्हीपी ९०५.

पुढें वेढ्यांत सांपडलेल्या पूंछला धान्य व दारूगोळा डाकोटांनींच पोंचविला आणि परततांना निर्वासितांना बाहेर काढलें. २४ मे १९४८ रोजीं एअर कमोडोर मेहर सिंग हे जनरल थिमय्या यांना घेऊन लेह येथें, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, उतरले. १९७१ सालीं टांगाइलच्या छत्रीधारी स्वारींतही हीं विमानें होतीं. १९८८ सालीं वायुदलानें त्यांना निरोप दिला.

त्यानंतर तीस वर्षांनीं एक डाकोटा परत आलें. १९४४ सालचें एक जुनें विमान श्री. राजीव चंद्रशेखर यांनीं मिळविलें. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे वायुदलांत डाकोटाचे वैमानिक होते. वायुदलास देऊं केलेली ही भेट प्रथम स्वीकारली गेली नाहीं. गोमंतकाचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असतांना ती स्वीकारण्यांत आली. इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें दुरुस्ती होऊन १७ एप्रिल २०१८ रोजीं तें निघालें आणि फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहरीन, ओमान असे मुक्काम करीत २५ एप्रिलला जामनगरास पोंचलें. ४ मे रोजीं हिंडण येथें तें वायुदलांत दाखल झालें. त्याचें नांव ‘परशुराम’. त्यावर क्रमांक घातला व्हीपी ९०५.

येथें चोखंदळ वाचक विचारील कीं, श्रीनगरास उतरलेलें विमान हें नव्हेच; मग क्रमांक उसना घेण्यांत काय अर्थ? प्रश्न रास्त आहे, आणि हें विमान तेंच होय असें मुलांना सांगणें असत्य होईल. पण आजोबांचें नांव नातवास ठेवतांना नातू म्हणजे आजोबा असें कोणी मानीत नाहीं. नांवाचा ऋणानुबंध मात्र चालू राहतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. दिल्लीस पालम येथील वायुदलाच्या संग्रहालयांत डाकोटा उभें आहेच. मग दुसरें उडतें कशास ठेवावें? उभ्या विमानास छप्पर व स्वच्छता लागते; उडत्यास विद्या लागते. वर्तुळाकार एंजिनाच्या खालच्या सिलिंडरांत तेल उतरून सांचतें, म्हणून सुरू करण्यापूर्वीं पंखा फिरवून पाहावा लागतो. नाहीं तर आंतले दांडे वांकतात. सुकाणूवरील कापड ताणून बसवावें लागतें. शेपटाखालीं चाक असलेलें विमान जमिनीवर सरळ रेषेंत ठेवणें हें तर निराळेंच कसब आहे. हीं कामें करणारे हात नाहींसे झाले, म्हणजे यंत्र असूनही तें मुकें होतें. पोथी जपणें आणि ती वाचणारा तयार करणें, यांत जें अंतर तेंच येथेंही आहे.

२६ जानेवारी २०२१ रोजीं दिल्लीच्या संचलनांत दोन हेलिकॉप्टरांच्या मधोमध हें डाकोटा उडालें. प्रत्येक जुनें यंत्र असें जपणें कोणत्याही राष्ट्रास परवडणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्याच्या ऋणाचा हिशेब मोडीच्या भावानें होत नाहीं असें एखादें तरी जपावें, आणि चालवूनच जपावें. वर्षांतून एक दिवस गंधफूल वाहिल्यानें तें ऋण फिटत नाहीं.